गोदामात काय ठेवले आहे, हे बायांना सांगावे का?

प्रश्न : अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाजवळ आमची लहान डाळ गिरणी आहे. तूर निवडणाऱ्या अकरा बाया, सहा हमाल आणि एक मिस्त्री असे अठरा जण कामाला आहेत. साठवलेल्या तुरीला भुंगा लागू नये म्हणून बाबा गेली वीस वर्षे थप्पीवर ताडपत्री टाकून आत सेल्फॉसच्या गोळ्या ठेवतात. हे काम ते रात्री स्वतःच करतात आणि कामगारांना फक्त ‘औषध ठेवले आहे’ एवढेच सांगतात. गेल्या मे महिन्यात निवडणाऱ्या बायांपैकी सर्वांत वयस्क असलेल्या काकूंना गोदामात चक्कर आली आणि उलटी झाली. ऊन लागले, असे सगळ्यांनी धरले. नंतर माझ्या लक्षात आले की आदल्याच दिवशी ताडपत्री काढली होती. सगळे खरे सांगितले तर बाया घाबरून शेजारच्या गिरणीत जातील, आणि न सांगितले तर मन खाते. बाबा म्हणतात, वीस वर्षांत कोणाला काही झाले नाही. नेमके किती सांगावे आणि कसे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

काकूंना उलटी झाली तो दिवस आणि ताडपत्री काढली तो दिवस शेजारी ठेवून पाहण्याचे काम आपण केले. आपल्या गिरणीत ते दुसऱ्या कोणाला करता आले नसते, कारण ताडपत्री कधी टाकली आणि कधी काढली हे आपल्या घराबाहेर कोणाला ठाऊकच नव्हते. काकूंचा त्रास वायूचा होता की उन्हाचा, हे पत्रावरून ठरवता येत नाही. परंतु त्या दिवशी गोदामात असलेल्या अठरा जणांपैकी एकालाही वायूची शंकासुद्धा येऊ शकली नाही, ही गोष्ट मात्र पत्रावरून निश्चित दिसते, आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे.

गोळीचे कार्य आधी समजून घ्या, म्हणजे कोणाला काय सांगायचे ते आपोआप ठरेल. सेल्फॉसच्या गोळीत ५६ टक्के ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतली आणि धान्यातली ओल लागली की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. भुंगा मरतो तो या वायूने, आणि माणसाच्या फुप्फुसाला व हृदयाला घातक तोही हाच. त्यावर उतारा म्हणून देता येईल असे कोणतेही औषध नाही. डॉक्टर श्वास आणि रक्तदाब सांभाळतात, बाकीचे शरीरावर सोडावे लागते. बाजारातल्या गोळीला लसणासारखा किंवा कुजलेल्या मासळीसारखा वास येतो खरा, पण वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे मुळीच समजू नये. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे दाराखालच्या फटीतून, वायरीच्या भोकातून, सामाईक भिंतीतल्या भेगेतून शेजारच्या खोलीत जातो. ताडपत्री काढल्यावरही दाण्यांत मुरलेला वायू काही काळ बाहेर पडत राहतो. म्हणून ‘काल काढली’ याचा अर्थ ‘आज मोकळे’ असा होत नाही. दुपट्टा, उपरणे किंवा धुळीसाठी वापरतात तो पातळ मास्क या वायूला अडवत नाही.

आता मे महिन्याचा विचार करा. अकोल्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, छातीत जड वाटणे या सगळ्यांवर एकच निदान असते : ऊन लागले. आपल्याकडे लगेच पन्हे देतात, तळपायांना कांद्याचा रस चोळतात आणि माणसाला सावलीत निजवतात. गिरणीच्या आवारात सावली कोठे असते, तर गोदामाच्या पडवीत. म्हणजे ज्या जागेपासून त्या बाईला दूर न्यायला हवे, तिच्याच उंबऱ्याशी तिला आपण प्रेमाने आडवे करतो. फॉस्फीनची सुरुवातीची लक्षणे आणि उन्हाची लक्षणे इतकी मिळतीजुळती आहेत की केवळ पाहून फरक करता येत नाही. फरक करता येतो तो ‘गोळ्या कधी ठेवल्या होत्या’ या माहितीने. कोरड्या उन्हाळ्याची आणखी एक अडचण म्हणजे हवेत ओल कमी असल्यामुळे गोळी पुरती संपायला जास्त दिवस लागतात, आणि खाली उरलेल्या भुकटीत वायू सोडू शकणारा अंश शिल्लक राहू शकतो.

त्या भुकटीबद्दल थोडे थांबून सांगतो. काही वर्षांपूर्वी याच भागातल्या एका गोदामात मी गेलो होतो. ताडपत्री काढून झाली होती आणि एक बाई कागदावर उरलेली करडी-पांढरी भुकटी हातानेच सुपात सारत होती. विचारले तर म्हणाली, “राखच तं हाय ना भाऊ, फेकाले काऊन लावता? भांडे घासाले होते.” तिच्या शेजारी गोळ्यांचा रिकामा ॲल्युमिनियमचा डबा धुऊन उन्हात वाळत ठेवला होता, मीठ ठेवण्यासाठी. तिला अज्ञानी म्हणायला माझी जीभ धजावली नाही. समोरची वस्तू राखेसारखी दिसत होती, डबा चांगल्या घडणीचा होता, आणि कोणीही तिला वेगळे काही सांगितले नव्हते. मुकादमाला विचारले, तर तो म्हणाला की कागद पेटीत असतो, सगळे त्यात लिहिलेले असते. ती पेटी मालकाच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होते.

म्हणून, आपण विचारता तसे ‘किती सांगावे’ हे मोजत बसू नका. बाईला आपल्या जिवाविषयी निर्णय घेताना जे लागते ते सगळे सांगा. रसायनशास्त्र तिला लागत नाही. कोठे जायचे नाही, कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत जायचे नाही, शरीराला काय होऊ लागले की काम टाकून बाहेर यायचे, बाहेर आल्यावर कोणाला सांगायचे, आणि कोणत्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढे सांगायला पंधरा मिनिटे पुरतात.

पण त्याआधी ‘औषध’ हा शब्द सोडावा लागेल. आपल्या बोलीत फवारणीचेही औषध, तापाचेही औषध, आणि कोणी जीव दिला तरी ‘औषध घेतले’ असेच म्हणतात. ज्या शब्दात बरे होणे आणि मरणे दोन्ही मावतात, तो शब्द ऐकून कोणी सावध होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. गोदामापुरते तरी ‘विषारी वायूच्या गोळ्या’ म्हणा, आणि सेल्फॉस व फॉस्फीन ही दोन नावे बायांच्या तोंडी बसवा. नाव पाठ असणे का महत्त्वाचे, ते पुढे येईल.

सांगण्याची जागा कचेरी नव्हे, गोदामाचे दार. वेळ गोळ्या ठेवण्याच्या आदल्या दिवशीची, काम सुरू होण्यापूर्वीची. सगळ्यांना बाहेर उभे करून ही थप्पी, ही ताडपत्री, कडेला दाबायच्या वाळूच्या या पिशव्या, ही वायू जाऊ शकेल अशी फट, असे बोटाने दाखवावे. रिकामा डबा लांबून दाखवून तो कोणीही उचलायचा नाही, हे सांगावे. भुकटी राखेसारखी दिसते, पण तिला हात लावायचा नाही, झाडायची नाही, आणि तिच्यावर वा सांडलेल्या गोळ्यांवर पाणी तर मुळीच टाकायचे नाही, कारण पाण्याने वायू एकदम सुटतो आणि भडकाही उडू शकतो, हेही सांगावे. बंद गोदामाच्या पडवीत कोणी डबा खायला बसायचे नाही आणि चौकीदाराने भिंतीलगत खाट टाकायची नाही. तान्ह्या लेकराची झोळी त्या पडवीच्या वाशाला बांधण्याची सवय आपल्याकडच्या सगळ्याच गिरण्यांत आहे. ती झोळी त्या दिवसांत कोठे बांधायची, ती दुसरी सावली आपणच आधी नेमून द्यावी, नुसते ‘इथे बांधू नका’ म्हणून भागत नाही.

दारावर कवटीचे चित्र लावाल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. गावात सर्वांनी ही कवटी पाहिलेली असते ती विजेच्या डीपीवर, आणि तिचा अर्थ लोकांनी लावला आहे तो ‘हात लावू नका’ असा. इथे हात न लावताही मरण येऊ शकते, हा फरक चित्र सांगत नाही. तो तोंडानेच सांगावा लागतो. चित्राखाली मोठ्या मराठी अक्षरांत ‘विषारी वायू, आत जाऊ नये’, गोळ्या ठेवल्याची तारीख, दार उघडण्याची तारीख आणि किल्ली कोणाकडे आहे त्याचे नाव लिहावे. विक्रेते कधीकधी गुळगुळीत इंग्रजी पोस्टर देतात. ते कचेरीत पाहुण्यांना दाखवायला बरे असते. हंगामात मेळघाटाकडचे मजूर येत असतील, तर त्यांच्यातल्याच एकाकडून सगळे कोरकूत सांगून घ्यावे. मराठीत ‘हो’ म्हटले म्हणजे समजले, असे होत नाही.

सांगून झाल्यावर बायांकडून उलट वदवून घ्या. ‘समजले का?’ असे विचारले की अकराही माना हलतील. त्याऐवजी एकीला विचारा की उद्या दुपारी तुमची सूप-चाळणी आत राहिल्याचे आठवले तर काय कराल. तिने ‘पटकन जाऊन आणीन’ असे उत्तर दिले, तर ती चूक तिची नसून आपले सांगणे अपुरे पडले असे समजावे आणि पुन्हा सांगावे. हे बोलणे काकूंच्या पुढाकाराने झाले तर अधिक चांगले. बाया मालकाच्या मुलासमोर शंका काढणार नाहीत, काकूंसमोर काढतील.

आता ज्या गोष्टीपाशी बहुतेक गिरण्यांचे सगळे सांगणे वाया जाते, ती रोजाची, म्हणजे दिवसाच्या मजुरीची गोष्ट. ताडपत्री हवाबंद ठेवायची म्हणजे साधारण आठवडाभर ते गोदाम बंद. निवडणीचे काम तेवढ्यात थांबले तर अकरा घरांचा रोज बुडतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुकादम हळूच किल्ली मागतो, बाया म्हणतात काही होत नाही, आणि दार उघडते. त्या वेळी त्यांना धोका माहीत नसतो असे नाही. घरातले पीठ संपलेले असते. ज्या माहितीप्रमाणे वागायला माणसाला उपाशी राहावे लागते, ती माहिती त्याने वापरली नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही. तेव्हा गोदाम बंद असण्याच्या दिवसांत दुसऱ्या शेडमध्ये काम द्या, बारदाना शिवणे, चाळण्या दुरुस्त करणे यांसारखी राहून गेलेली कामे काढा, आणि काम नसेल तर निदान अर्धा रोज बांधून द्या. हा खर्च गोळ्यांच्या खर्चातच धरला पाहिजे. याशिवाय बैठक घेणार असाल, तर ती घेतल्याचे समाधान फक्त आपल्याला मिळेल.

बाया निघून जातील, ही आपली भीती खोटी नाही. एखादी जाईलही, आणि तिला जाण्याचा हक्क आहे. पण आपल्या भागातल्या कष्टकरी बाया विषाला नवख्या नाहीत. कपाशीच्या फवारणीत त्यांनी पाणी वाहिले आहे, डोळ्यांची जळजळ आणि हातांची आग सोसली आहे. ज्याचे नाव सांगितले जाते, त्याला त्या सहसा घाबरून पळत नाहीत. त्यांचा विश्वास तुटतो तो नंतर कळल्यावर : “आमाले आधी काऊन नाही सांगतलं?” या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नसेल, आणि तो प्रश्न शेजारच्या गिरणीत दुसऱ्याच दिवशी पोहोचेल.

बाबांच्या वीस वर्षांविषयी. ते रात्री एकटे हे काम करत आले, यात कामगारांना झळ लागू नये ही काळजी होती, असे मी मानतो. पण वीस वर्षांत काही झाले नाही, हे कोणत्या आधारावर म्हणायचे? चक्कर आली की ऊन, उलटी झाली की बाधले, असे धरले जात असेल तर झालेल्या गोष्टीचीही नोंद ‘काही झाले नाही’ अशीच होते. शिवाय सर्वांत जास्त वायू वीस वर्षे त्यांच्याच नाकातोंडाशी आला असणार. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी गोदामातल्या मोटारीची आणि स्विचबोर्डाची तांब्याची तार त्यांना उघडून दाखवा. फॉस्फीन तांब्याला खातो आणि ते काळे पडते. तार काळी पडलेली निघाली, तर बाबांना माझ्या पत्राची गरज उरणार नाही.

आणि एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइड हे आपल्या देशात निर्बंधित कीटकनाशक आहे. त्याचा वापर सरकारी यंत्रणेने किंवा परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्याने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचा असतो. गिरणीमालकाने रात्री ताडपत्रीखाली हात घालून करायचा नसतो. म्हणून कामगारांना सांगण्याची तयारी करतानाच हे काम बाबांच्या हातून काढून घ्या. जवळच्या वखारीत चौकशी करा. केंद्रीय वखार महामंडळ आपल्या गोदामांबाहेरही कीडनियंत्रणाची सेवा देते. येणाऱ्या माणसाकडे हवेतला फॉस्फीन मोजण्याचे साधन असले पाहिजे आणि दार उघडल्यावर मोजणी ०.३ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग वायू) खाली आल्याचे त्याने कामगारांदेखत दाखवले पाहिजे. भुकटी आणि रिकामे डबे त्यानेच घेऊन जावेत.

कायद्याविषयी थोडक्यात. १९८४ साली भोपाळमध्ये वायू सुटला, तेव्हा वस्तीला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो कोणता, त्यावर काय करायचे, हे वेळेवर सांगितले गेले नाही. त्यानंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देण्याची सक्ती आली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी आपल्या आरोग्याविषयी व सुरक्षेविषयी मालकाकडून माहिती मिळवणे हा तिने कामगाराचा हक्क ठरवला आहे. आपल्याकडे अठरा जण आहेत. सुरक्षिततेसाठी जे द्याल त्याचे पैसे त्यांच्या रोजातून कापता येत नाहीत, हेही तिच्यात आहे.

गोदामाच्या भिंतींवर फवारायचे कीटकनाशक असेल, तर त्याच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण बायांना ओळखायला शिकवा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यांत सर्वांत सौम्य. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन सुटतो. एवढे पुरे, बाकी आपल्या गिरणीत फारसे काही नसावे.

नाव पाठ असण्याचे कारण आता सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. फवारणीचे मजूर अनेकदा दोन-तीन द्रव्ये एकत्र करून मारतात आणि आपण काय मारले हे त्यांना सांगता येत नाही; डॉक्टरला मात्र उपचार ठरवायला तेच आधी हवे असते. आपल्या गोदामात कोणाला त्रास झाला, तर त्याला वाऱ्याकडे, गोदामापासून लांब न्यावे, १०८ वर फोन करावा आणि ‘सेल्फॉस, फॉस्फीन’ हे दोन शब्द फोनवरच सांगावेत. डब्यावरचे लेबल फोनमध्ये टिपून ते मिस्त्रीकडे आणि दोन बायांकडे ठेवावे. दूध, तूप, चिंचेचे पाणी यांतले काहीही पाजू नये. बरे वाटले तरी घरी न पाठवता रुग्णालयात दाखवावे, कारण फुप्फुसात पाणी साचण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो. कोणी आत पडलेला दिसला तर त्याच्यामागे तसेच धावत जायचे नाही, हे सांगणे सर्वांत कठीण आहे, विशेषतः तिथे भाऊ-भाऊ किंवा मायलेकी एकत्र काम करत असतील तर. तरीही सांगावेच लागेल. बाहेरून सगळी दारे उघडावीत आणि श्वासाचे साधन असलेल्या माणसाला बोलवावे. आत धावलेला दुसरा माणूस पहिल्याच्या शेजारी पडतो.

ही बैठक घेण्यापूर्वी एक काम उरते. काकूंच्या घरी जा. बाबा येत असतील तर त्यांनाही घेऊन जा, नसतील तर एकटे जा. त्या दिवसाच्या आदल्या दिवशीच ताडपत्री काढलेली होती आणि त्यांना सांगितले नव्हते, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा. अजून धाप लागते का, छातीत धडधडते का, हे विचारा, आणि ग्रामीण रुग्णालयात सोबत नेऊन गोळीचे नाव डॉक्टरांच्या कानावर घाला. तपासण्यांचा खर्च आणि त्या दिवसाचा रोज आपला. इतर बायांसमोर, गोदामाच्या दारात उभे राहून त्यांना हे प्रथमच ऐकावे लागू नये.